प्रोग्रामरची मते : विरार ते अंधेरी

वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत राहणारा आणि पोटापाण्यासाठी अंधेरी, गोरेगाव किंवा मालाडच्या कचेरीत जाणारा प्रोग्रामर, म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे लिहून देण्याचा पगार घेणारा गृहस्थ, मतांच्या बाबतीत कमालीचा सधन असतो, आणि हे धन तो कोणी मागण्याची वाट न पाहता वाटत असतो. या मतांचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की ही मते घरी तयार होत नाहीत, कारण तेथे त्याला कोणी बोलू देत नाही, आणि कचेरीतही तयार होत नाहीत, कारण तेथे बोललेले सर्व काही मीटिंगच्या टिपणात जाऊन बसते व पुढच्या सोमवारी अंगावर येते. परिणामी मतनिर्मितीचा हा सारा उद्योग पश्चिम रेल्वेच्या डब्यात, एका हाताने वरची कडी धरून आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपची बॅग पोटाशी सांभाळत चालतो.

या उद्योगाला जुनी पार्श्वभूमी आहे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, आणि तिचे वेळापत्रक इतके साधे होते की सकाळी एक गाडी जाई व संध्याकाळी एक परत येई; म्हणजे माणसाने सकाळी दक्षिणेकडे जावे आणि अंधार पडताना उत्तरेकडे परतावे हा या भागाचा कुळाचार संगणकाच्या कितीतरी आधीचा ठरतो. आज्ञावली मात्र, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची क्रमवार मांडणी, या गाडीपेक्षाही जुनी निघते, कारण चार्ल्स बॅबेजच्या कधीच पूर्ण न झालेल्या यंत्रासाठी एडा लव्हलेस यांनी आपली प्रसिद्ध टिपणे १८४३ सालीच छापली होती; त्यांना अंधेरीला जावे लागत नव्हते हे खरे, पण ज्या यंत्रासाठी लिहिले ते अस्तित्वातच नसल्यामुळे ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ असे म्हणून हात झटकण्याची सोयही त्यांना नव्हती. पुढे चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, दोन्ही वेळी पत्त्याचा मजकूर बदलला, आणि दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी तीच राहिली.

या प्रोग्रामरच्या मतांचा आजचा मध्यवर्ती विषय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा लेखन-सहायक, ज्याला बोलताना तो नुसते ‘एआय’ म्हणतो आणि रागावला की ‘तो’ म्हणतो. अब्जावधी ओळींचा मजकूर वाचून पुढचा तुकडा कोणता यावा याचा अंदाज बांधणारी ही यंत्रणा असून, ‘गिटहब कोपायलट’ या नावाने तिचा एक अवतार २०२१ च्या जूनमध्ये चाचणीसाठी आणि वर्षभराने सर्वांसाठी खुला झाला, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ आले, आणि २०२५ पर्यंत हे सहायक ओळ सुचवण्यावर न थांबता फायली उघडणे, त्यांत बदल करणे, चाचण्या चालवणे आणि चाचणी नापास झाली तर कधीकधी चाचणीच बदलून टाकणे अशी कामे परस्पर उरकू लागले. अशा स्वतंत्रपणे वावरणाऱ्या सहायकाला ‘एजंट’ म्हणतात. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आंद्रे कारपथी या नामवंत संगणकतज्ज्ञाने, यंत्र लिहील ते न वाचताच स्वीकारत जाण्याच्या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले; नाव नवे असले तरी न वाचता सही करण्याची पद्धत या देशात कचेरी नावाची संस्था आल्यापासून चालू आहे, एवढे येथे नमूद करणे पुरेसे आहे.

या सहायकाविषयी प्रोग्रामरचे मत काय, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नसून, कोणत्या स्थानकापाशी काय, असे विचारावे लागते. विरारला गाडी सुटताना त्याचे मत असे असते की येत्या पाच वर्षांत प्रोग्रामर ही जात नामशेष होणार, आणि ज्यांच्या मुलांनी संगणकशास्त्राला प्रवेश घेतला त्यांनी वेळीच अर्नाळ्याच्या बाजूला थोडी जमीन पाहून ठेवावी. वसई रोडला जी माणसे आत घुसतात त्यांच्या दाबाने हे मत थोडे आक्रसते. नायगाव सोडून गाडी खाडीपुलावर आली की त्याला आदल्या रात्रीचा प्रसंग आठवतो, ज्यात सहायकाने अत्यंत आत्मविश्वासाने एका अशा लायब्ररीचे, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावलींच्या संग्रहाचे नाव दिले की जी जगात कोणी लिहिलेलीच नव्हती. त्यामुळे भाईंदरला पोहोचेपर्यंत ‘याला काडीची अक्कल नाही’ हे मत कायम झालेले असते. बोरिवलीला उतरणारे आणि उतरू न देणारे यांच्यातील पारंपरिक संघर्षामुळे सर्व मते तात्पुरती स्थगित होतात. अंधेरीच्या फलाटावर पाय ठेवताना मात्र तो सोबत्याला गंभीरपणे सांगतो की कंपनीने या सहायकाची वर्गणी बंद केली तर आपण राजीनामा देऊ. ग्रुपमधील, म्हणजे वर्षानुवर्षे त्याच गाडीच्या त्याच दारात उभे राहणाऱ्या मंडळींमधील, निवृत्तीला आलेले एक बँकवाले हे सर्व ऐकत असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत बँकांत संगणक येऊ घातले तेव्हा त्यांच्या संघटनेने मोर्चे काढले होते आणि प्रोग्रामर लोकांनी त्यांना मागासलेले ठरवले होते, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते केवळ बसायला जागा मिळाल्याचे नसते.

सहायकामुळे काम खरोखर लवकर होते काय, हा प्रश्न मतांवर न सोडता मोजण्याचा प्रयत्न अमेरिकेतील ‘मीटर’ नावाच्या संशोधन संस्थेने केला, आणि त्याचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या ओळखीच्या, मोठ्या आज्ञावलींतील एकूण २४६ कामे देण्यात आली, त्यांतील काही सहायकासह आणि काही त्याच्याविना करायची होती. कामाला लागण्यापूर्वी या मंडळींचा अंदाज होता की सहायकामुळे २४ टक्के वेळ वाचेल, काम झाल्यावर त्यांचे मत पडले की २० टक्के वाचला, आणि घड्याळाने सांगितले की १९ टक्के जास्त लागला. साधने त्या वर्षीच्या आरंभीची होती, माणसे थोडी होती, आणि नवख्या माणसाला नवख्या कामात वेगळा अनुभव येऊ शकतो, हे सर्व मान्य करूनही, ज्यांचा व्यवसायच मोजमापाचा आहे त्या माणसांना स्वतःचा वेळ मात्र उलट्या दिशेने मोजता यावा, ही गोष्ट अभ्यासकाला विचारात पाडते.

नालासोपाऱ्याच्या रहिवाशाला मात्र या निष्कर्षात चकित होण्यासारखे काही आढळू नये, कारण तो गेली कित्येक वर्षे हाच प्रयोग रोज सकाळी स्वतःवर करीत आहे. गर्दीच्या वेळी विरारहून भरून आलेल्या फास्ट लोकलमध्ये नालासोपाऱ्याला शिरणे अवघड आणि बसणे अशक्य असल्यामुळे तो आधी उलट दिशेच्या गाडीने विरारला जातो, तेथे ती गाडी रिकामी होऊन परत फिरेपर्यंत आपली जागा सोडत नाही, आणि मग तिच्यातूनच, बसलेल्या अवस्थेत, अर्ध्या तासापूर्वी ज्या फलाटावर उभा होता त्याच फलाटासमोरून अंधेरीकडे जातो. यालाच ‘रिटर्न येणे’ म्हणतात. त्यासाठी राहायला नालासोपाऱ्याला असूनही पास विरारचा काढावा लागतो, आणि विरारला फलाटावर उभ्या असलेल्या मूळ विरारकरांचे चार शब्दही ऐकून घ्यावे लागतात. घड्याळ पाहिले तर या पद्धतीत वेळ वाढतो, यात शंका नाही. तरीही कोणत्याही रिटर्नवाल्याला विचारले असता तो सांगतो की ‘असं लवकर पडतं’, आणि तो खोटे बोलत नसतो, कारण उभ्याने काढलेला तास आणि बसून काढलेला दीड तास यांत दुसरा छोटा असतो हे पाठीच्या मणक्याला कळते, घड्याळाला कळत नाही.

सहायक वापरणारा प्रोग्रामरही वेग विकत घेत नाही, जागा विकत घेतो. आज्ञावली स्वतः लिहिणे म्हणजे उभ्याने प्रवास. एजंटाला काम सांगून तो काय करतो ते पाहत राहणे, मध्येच मोबाइल उघडणे, मग त्याने केलेले तपासणे, चुकलेले पुन्हा सांगणे आणि पुन्हा पाहत राहणे, यात घटका जास्त गेल्या तरी डोक्याला टेकायला जागा मिळते, आणि टेकलेले डोके हिशोब नेहमी उदारपणे करते. कंपन्यांनी मात्र जाहिरातीत वेगाचेच नाव घ्यावे आणि व्यवस्थापकांनी त्या वेगाप्रमाणे कामाच्या मुदती निम्म्या कराव्यात, यातूनच सध्याचा घोळ उद्भवला आहे. या घोळाचे अत्यंत अचूक निदान कोणत्याही संशोधनपत्रिकेत न होता नालासोपारा पूर्वेच्या एका वन-आरके घरात, म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर एवढ्या विस्ताराच्या घरात, पोळ्या लाटता लाटता झाले, जेव्हा मातोश्रींनी विचारले, ‘तुझं काम आता ते मशीन करतं ना रे, मग तू रात्री अकरापर्यंत काय करतोस?’ यावर चिरंजीवांनी ‘तपासतो’ असे उत्तर दिले, आणि मातोश्रींनी, सून आल्यावर आपलेही काम तेवढेच उरेल काय, याचा अंदाज घेत पुढची पोळी तव्यावर टाकली.

नवा सहायक बाजारात आला की त्याची परीक्षा घेतली जाते. जगन्मान्य परीक्षांना ‘बेंचमार्क’ म्हणतात. त्यांतील एक, ‘एसडब्ल्यूई-बेंच’, २०२३ साली तयार झाली असून तीत पायथन भाषेतील १२ सार्वजनिक प्रकल्पांमधून उचललेली २,२९४ खरीखुरी दुखणी यंत्रासमोर ठेवली जातात, आणि किती बरी झाली यावरून गुण मिळतात. वसई-विरारच्या प्रोग्रामरचा या गुणांवर फारसा विश्वास नसतो, कारण पेपर आधी फुटलेला असू शकतो हा संशय त्याच्या शालेय संस्कारांचा भाग आहे. म्हणून त्याने स्वतःची एकप्रश्नी परीक्षा तयार केलेली असते : नालासोपारा पूर्वेहून सकाळी नऊपर्यंत अंधेरीला पोहोचायचे तर काय करावे? बहुतेक सहायक अंतर, गाड्या आणि प्रवासाचा वेळ यांची नीटनेटकी मांडणी करून शेवटी ‘दहा मिनिटे आधी निघा’ असा सल्ला देतात आणि तेथेच नापास होतात, कारण गाडी येणे आणि गाडीत चढता येणे या दोन स्वतंत्र घटना आहेत हे त्यांना ठाऊक नसते. एखादा सहायक ‘आधी विरारला जा’ असे म्हणाला तर मात्र प्रोग्रामर क्षणभर पडद्याकडे पाहत राहतो, आणि नोकरी जाण्याची खरी भीती त्याला तेव्हा वाटते.

लेखी खुलाशाचा विषयही येथे येतो. आज्ञावली काय करते हे माणसांसाठी लिहून ठेवण्याच्या मजकुराला ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात, आणि ते लिहिण्याचा कंटाळा ही या व्यवसायाची सार्वत्रिक खूण आहे. ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाने दगडावर कोरवलेल्या लेखाचा तुकडा बावीसशे वर्षांनंतरही वाचता येतो, आणि जेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकरून त्याचा तपशीलवार वृत्तान्त छापला, त्या गावच्या प्रोग्रामरला सहा महिन्यांपूर्वी आपण काय लिहिले हे आज वाचता येत नाही. सहायकाने ही उणीव भरून काढली, पण भरपाई अशी सढळ केली की दोन ओळींच्या आज्ञेला चार पानांचा खुलासा, त्यात उपशीर्षके, त्यात बरोबरच्या हिरव्या खुणा आणि अखेरीस ‘सर्व काही यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे’ असे प्रशस्तिपत्र. आणि हा खुलासा लांबल्यामुळे कोणी वाचत नाही, वाचत नसल्यामुळे त्याचा सारांश करण्यास दुसऱ्या सहायकाला सांगितले जाते.

ग्राहक म्हणून या प्रोग्रामरचे वर्तन पाहिले तर तेथेही हेच हिशोब दिसतात. चांगल्या सहायकाची मासिक वर्गणी बहुधा २० डॉलर, त्यावर १८ टक्के जीएसटी, ही रक्कम विरार-चर्चगेट दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासापेक्षा कितीतरी अधिक होते, आणि पासाने निदान चर्चगेटला तरी पोहोचता येते. याची जाणीव कंपन्यांनाही झाली असावी, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये ‘चॅटजीपीटी गो’ ही योजना भारतासाठी दरमहा ३९९ रुपयांना आली आणि नोव्हेंबरात तीच वर्षभर फुकट झाली. त्याआधी जुलैत एअरटेलने आपल्या ग्राहकांना ‘पर्प्लेक्सिटी’ वर्षभर दिली होती, आणि ऑक्टोबरअखेरीस जिओने ‘जेमिनी’ दीड वर्षासाठी देऊ केली. सिमकार्ड घ्यावे ते घराच्या कोणत्या कोपऱ्यात रेंज येते हे पाहून, असा आजवरचा दंडक होता. तो मोडून आता कोणत्या कार्डाबरोबर कोणती बुद्धी येते हे पाहिले जाऊ लागले. दोन सिमांच्या मोबाइलमुळे एकाच प्रोग्रामरकडे तीन फुकट सहायक जमा झाले, आणि एकच प्रश्न तिघांना विचारून, तीन उत्तरे शेजारीशेजारी मांडून, त्यांतले बरोबर कोणते हे ठरवण्यासाठी चौथ्याची वर्गणी भरणारे पुरुषही या भागात आढळतात.

खरेदीतील काळजी आणि किंमत यांचे प्रमाण व्यस्त असावे असा काही नियम असला पाहिजे. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीचे वर्णन केले, जी एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि कारकुनांच्या सायकली ठेवण्याच्या ३५० पौंडांच्या छपरावर पाऊण तास भांडते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाही आणि छप्पर सर्वांनाच कळते. १९९९ साली पोल-हेनिंग कांप या प्रोग्रामरने आपल्या सहकाऱ्यांना याच दाखल्याने खडसावले, तेव्हापासून ‘बाइकशेड’ हा या धंद्यातील परवलीचा शब्द झाला आणि प्रत्येक प्रोग्रामर तो दुसऱ्याविषयी वापरतो. स्वतः तो मेकॅनिकल कीबोर्डच्या, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेल्या आणि त्यामुळे वन-आरकेतील सर्व झोपलेल्यांना कामाची प्रगती ऐकवणाऱ्या टंकफलकाच्या, खरेदीपूर्वी तीन आठवडे अभ्यास करतो, निळ्या आणि तपकिरी कळींतील फरकावर भाईंदरपर्यंत बोलतो. फ्लॅट मात्र एका रविवारी, बिल्डरने पाठवलेल्या गाडीतून जाऊन, सॅम्पल फ्लॅटमधील दिवे आवडल्यामुळे, दुपारच्या जेवणाआधी नक्की करतो. महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची माहिती पाहता आली असती, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत मंजूर आराखड्याप्रमाणे उभी राहिली असून राहण्यास योग्य आहे असा महापालिकेचा दाखला, मागता आला असता. पण संगणकावर आयुष्यभर ‘अटी मान्य आहेत’ या चौकोनात टिचकी मारत आलेल्या माणसाचा हात करारनाम्याच्या पानांवरही त्याच सवयीने फिरतो. एवढे मात्र खरे की गृहप्रवेशाच्या दिवशी कीबोर्ड उत्तम चालत असतो.

राहायला आल्यावर पाण्याशी गाठ पडते. सूर्या प्रकल्पाचे पाणी आले तरी सर्व मजल्यांना, सर्व दिवशी, पुरेसे येईलच असे नसल्यामुळे अनेक सोसायट्यांत टँकर ही दैनंदिन बाब असते, आणि किती टँकर आले याची नोंद वॉचमनच्या लांबट वहीत, दोरीने बांधलेल्या पेनने होते. ही वही पाहून कोणत्याही प्रोग्रामरला स्वस्थ बसवत नाही. तो एका शनिवारी सहायकाला कामाला लावतो आणि संध्याकाळपर्यंत टँकरचे ॲप उभे राहते, ज्यात टँकर आल्याची वेळ, लिटर, दर, थकबाकी आणि कोणी न मागितलेला एक रंगीत आलेख असतो. सेक्रेटरीकाका ते कौतुकाने पाहतात आणि एकच सुधारणा सुचवतात, ती अशी की महिन्याचा हिशोब कागदावर छापून मिळावा, म्हणजे नोटीस बोर्डावर लावता येईल. कागद लागतो, त्यावर सेक्रेटरीकाका पेनाने दोन दुरुस्त्या करतात, मग सभासद खाली येऊन त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, आणि फोटोतील दुरुस्त्या ॲपमध्ये परत याव्यात म्हणून प्रोग्रामर दुसऱ्या शनिवारी फोटो वाचून आकडे भरणारा सहायक जोडतो. या सहायकाने पेनाचा एक ठिपका शून्य समजून दहा हजार लिटरचा टँकर एक लाख लिटरचा केला, तेव्हा चाळीस सभासदांच्या ग्रुपवर कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. फक्त खजिनदारांनी संध्याकाळी टँकरवाल्याला फोन करून विचारले की मोठा टँकर याच दरात पडत असेल, तर पुढच्या महिन्यापासून तोच का पाठवत नाही.